तारमास्तरांच्या पेनाचं टोपण

एक

गुरुवारी सकाळी लिलावाच्या हॉलमध्ये, काचेच्या पेटीत, तारमास्तरांचं पेन जागच्या जागी होतं. फक्त त्याच्या शेजारचा दाखला कुणीतरी उलटा करून ठेवला होता. अक्षरं खाली, कोरी बाजू वर.

दाखला निबकाकांचा होता. त्यांनी काचेवर वाकून पुन्हा बघितलं.

"मीच उलटा केला," हॉलवाल्या बाई म्हणाल्या. "येणारे-जाणारे वाचतात आणि मग माझ्या तोंडाकडे बघतात. शनिवारी अकराला लिलाव आहे, काका. तोपर्यंत मला काहीतरी एक सांगा."

निबकाकांना खरं नाव होतं, पण चाळीस वर्षं जुनी पेनं दुरुस्त करण्यात आणि पारखण्यात गेल्यावर ते त्यांच्या बायकोखेरीज कुणाला ठाऊक असेल असं वाटत नव्हतं. जुन्या पेनाची किंमत ते सांगतील ती, आणि खरं-खोटंही ते ठरवतील ते, असा शहरातला रिवाज होता. त्यांना स्वतःला हा रिवाज कधीच पटला नव्हता. दर दाखल्याखाली सही करताना त्यांना वाटायचं, आज आपलं बिंग फुटणार.

"झालं काय?" त्यांनी विचारलं.

"काल दातांचे डॉक्टर आले होते. पेटीवर वाकले आणि म्हणाले, बाई, हे टोपण या पेनाचं नाही. तिन्ही तोंडांना लावून बघा, कुठेच जुळायचं नाही. जमवलेलं पेन आहे हे. मी पेटी उघडते म्हटलं, तर नको म्हणाले, दवाखान्यात माणसं बसलीत. पाहणीच्या वहीत सही केली आणि गेले."

बाईंनी कमरेची किल्ली काढून पेटी उघडली. टोपणाची खिशाला अडकवायची पट्टी वर येईल असं पेन मखमलीवर ठेवलेलं होतं. काकांनी ते उचलून खिडकीपाशी नेलं आणि उलटं केलं.

कडक रबराची जुनी पेनं काळी असतात, पण वर्षानुवर्षं एकाच अंगावर ऊन खाल्लं तर त्या अंगाला तपकिरी होतात. तारमास्तर गेल्यावर हे पेन तीस वर्षं खिडकीजवळच्या काचेच्या कपाटात पडून होतं, कुणी हात लावला नव्हता. म्हणजे उन्हाचा पट्टा टोपणापासून खालपर्यंत सलग एका रेघेत हवा. नळीवर पट्टा होता. टोपणावरही होता, पाठीच्या बाजूला, मखमलीकडे. पण दोन्ही एका रेघेत नव्हते.

टोपणाच्या आट्यांना तीन तोंडं असतात. ज्या तोंडाला सुरुवात कराल तसं टोपण वेगवेगळं बसतं. काकांनी पहिल्या तोंडाला लावलं. नाही. दुसऱ्या. नाही. तिसऱ्याला लावून त्यांनी पेन उजेडाकडे धरलं.

नाही.

बाईंनी दाखला सुलटा करून त्यांच्यापुढे धरला. त्यात त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं : 'टोपण व नळी मूळची, एकाच पेनाची. उन्हाची रेघ सलग.'

दोन

"म्हणजे मी लबाड," तारमास्तरांची लेक म्हणाली.

ती इस्पितळाच्या धुलाईखान्यात मुकादम होती. मागे मोठी यंत्रं गरगरत होती, त्यामुळे दोघांनाही जरा मोठ्याने बोलावं लागत होतं, आणि काकांना तर असल्या गोष्टी कुजबुजतसुद्धा विचारता येत नसत.

"तसं मी म्हटलं नाही, ताई."

"तुम्ही नाही म्हटलंत. हॉलवाल्या बाईंनी फोनवर म्हटलं. म्हणाल्या, शनिवारपर्यंत उलगडा झाला नाही तर पेन मागे घेऊ, आणि तुमचं नाव बाकीच्या हॉलनाही कळवावं लागेल." तिने चादरींचा गठ्ठा धाडकन ढकलला. "आयुष्यात कुणाची टाचणी उचलली नाही मी."

"एक विचारू? माझ्याकडून गेल्यावर पेन थेट हॉलमध्ये गेलं?"

तिने ढकललेला गठ्ठा पुन्हा सरळ केला.

"नाही," मग म्हणाली. "मध्ये एक दिवस घरी नेलं. बाईंना विचारून. भाऊ अंथरुणाला खिळलाय, त्याला शेवटचं बघायचं होतं. बाबा त्याला त्याच पेनाने गिरवायला लावायचे. त्याने हातात धरलं, वास घेतला, परत दिलं. बस."

"घरी आणखी कुणी होतं?"

"मी आणि तो. आता मलाच धरा, म्हणजे सगळ्यांचं काम सोपं होईल."

काकांनी मान खाली घातली. तिचं बोलणं अगदी बरोबर होतं. दाखला चुकलेल्या प्रत्येक पारख्याला एकच सोपी वाट असते : मी बघितलं तेव्हा बरोबर होतं, नंतर कुणीतरी बदललं. काकांनी आयुष्यात अशी माणसं बघितली होती आणि मनातल्या मनात त्यांना हसलेही होते. आता त्याच वाटेवर आपण उभे आहोत, आणि वाटेच्या टोकाला ही बाई उभी आहे.

"काका," ती एकदम जवळ येऊन म्हणाली, "तुम्ही नीट बघितलं होतं ना तेव्हा?"

तीन आठवड्यांपूर्वी त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला होता. दाखला लिहिल्यानंतर तीनच दिवसांनी ऑपरेशन झालं होतं. हे तिला माहीत नव्हतं. त्यांना मात्र सकाळपासून दुसरं काहीच आठवत नव्हतं.

तीन

दातांच्या डॉक्टरांनी त्यांना भेटीच्या खुर्चीत न बसवता थेट दातांच्या खुर्चीत बसवलं. "दुसरी मोकळी नाही," ते हसून म्हणाले, आणि पायाने कळ दाबून खुर्ची मागे कलती केली. निबकाकांना आयुष्यात पहिल्यांदाच छताकडे बघत चौकशी करावी लागली.

डॉक्टरांकडे दोनशे पेनं होती. निम्म्यांची दुरुस्ती काकांच्या हातची. आणि परत नेलेल्या प्रत्येक पेनाची तक्रार ठरलेली : शाई जास्त येते, शाई कमी येते, ओरखडा आधी नव्हता. काकांची बायको त्यांना 'दाढदुखी' म्हणायची.

"वाईट वाटून घेऊ नका, काका. वय होतं माणसाचं. माझेही हात एक दिवस कापतील, तेव्हा मी पक्कड खाली ठेवीन."

"टोपण बदललं असेल कुणीतरी."

"असं सगळेच म्हणतात हो." डॉक्टर खरोखरच मायेने बोलत होते, आणि तेच काकांना सोसवत नव्हतं. "मी एक सुचवू का? बाई पेन मागे घेतील, चर्चा होईल, तुमचं नाव निघेल. त्यापेक्षा ते 'जमवलेलं' म्हणूनच लिलावात जाऊ दे. चौथाई किमतीला मी उचलतो. निब चांगली आहे, तेवढ्यासाठी. पोरीला चार पैसे मिळतील आणि तुमचीही झाकली मूठ राहील."

काकांना क्षणभर हायसं वाटलं. अगदी खरं सांगायचं तर दोन क्षण.

"विचार करतो," ते म्हणाले.

"करा. आणि हे थेंब घ्या, डोळ्याला पाणी येतंय तुमच्या." डॉक्टरांनी टेबलावरचं साधं बॉलपेन उचललं आणि चिठ्ठीवर औषधाचं नाव खरडलं.

काका खुर्चीतून उतरून जिन्यापर्यंत आले. तिथे त्यांना काहीतरी खटकलं. काय ते कळेना. दातात अडकलेल्या कणासारखं ते जिभेला लागत होतं आणि निघत नव्हतं.

चार

"जेवा," बायको म्हणाली.

"भूक नाही."

"दाढदुखीकडे जाऊन आल्यावर कुणाला भूक लागलीय." तिने ताट पुढे सरकवलं. "अहो, तुमच्याकडे ती चित्रांची वही आहे ना? येईल त्या पेनाचं चित्र काढून ठेवता. त्यात बघा की."

"काय बघू? ज्या डोळ्यांनी दाखला लिहिला, त्याच डोळ्यांनी चित्र काढलंय. आंधळ्याची साक्ष आंधळ्याने काढायची." खरं कारण वेगळं होतं. वही उघडली आणि चित्रातही रेघ तुटकी निघाली तर? आपणच तुटकी रेघ काढून खाली 'सलग' लिहिलेलं निघालं तर? संशयात निदान जगता येतं.

"मग त्या पोरीनेच बदललं म्हणायचं?"

"नाही."

"हॉलवाल्या बाईंनी?"

"त्यांना पडेल किमतीत काय मिळणार? त्यांची दलाली किमतीवर."

"म्हणजे कुणीच नाही. टोपणाला पाय फुटले." ती उठून भांडी गोळा करू लागली. "तुमच्या त्या टेबलाचा काही नेम नाही. डोळ्याच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी एवढी घाई तुमची, सगळं आवरायचंय, सगळं द्यायचंय. मला आपल्या दोन-दोन वाट्या घासायला. शाईचे डाग निघता निघेनात."

काकांनी पाण्याचा पेला तोंडाशी नेला होता, तो तसाच राहिला.

"किती वाट्या म्हणालीस?"

"दोन. का?"

निबकाका दुरुस्तीला पेन उघडलं की निब वाटीभर गार पाण्यात भिजत ठेवत. एक पेन, एक वाटी. ते मिटून, पुसून डबीत गेल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, हा नियम त्यांना त्यांच्या गुरूंनी पहिल्या दिवशी घालून दिला होता आणि चाळीस वर्षांत एकदाही मोडला नव्हता.

दोन वाट्या म्हणजे दोन पेनं. एकाच वेळी. उघडी.

पाच

वही उघडायला त्यांना अर्धा तास लागला. चष्मा सापडला नाही, मग सापडला, मग पुसावा लागला.

तारमास्तरांचं पेन : टोपण, नळी, निब. टोपणावर पेन्सिलीने काढलेली पट्टी, आणि पट्टीच्या डाव्या अंगाला तिरप्या रेघांनी दाखवलेला तपकिरी पट्टा. तो सरळ खाली नळीवर उतरला होता. सलग. चित्रातली रेघ इतकी निश्चिंत होती की काढणाऱ्या माणसाचा काकांना हेवा वाटला.

डाव्या अंगाला. आज हॉलमध्ये बघितलेल्या टोपणाचा पट्टा डाव्या अंगाला नव्हता. पाठीला होता, पट्टीच्या बरोबर विरुद्ध बाजूला.

त्या दिवशी दुसरं पेन कुणाचं होतं ते आठवायला वही लागली नाही, तरी त्यांनी पान उलटलं. त्याच घडणीचं पेन, त्याच मापाचं, पूर्वी वर्षानुवर्षं एका दुकानाच्या काचेत उभं राहिलेलं. टोपणाचा पट्टा पाठीला. वर मालकाचं नाव : दातांचे डॉक्टर.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. दाखला लिहिला तेव्हा दाखलाही खरा होता आणि पेनही. पेन खोटं केलं ते त्यांच्याच हातांनी, दोन टोपणं एका फडक्यावर ठेवून, पिकलेल्या डोळ्याने घाईघाईत उलटीपालटी बसवून.

"सापडलं?" बायकोने दारातून विचारलं.

"सापडलं. चोर मीच."

"असं अर्धवट बोलू नका, मला धडधड होते." तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे दाढदुखीकडेही चुकीचंच टोपण गेलं. आणि तो काही बोलला नाही? तो? मागच्या वेळी डबीचं झाकण घट्ट लागतं म्हणून परत आला होता."

तेव्हा जिन्यात खटकलेला कण निघाला. दोनशे पेनांचा मालक, ज्याच्या कोटाच्या खिशात हेच एक आवडीचं पेन बारा महिने असायचं, तो चिठ्ठी बॉलपेनने लिहीत होता. ते पेन काकांच्या नजरेस पडू द्यायचं नव्हतं. आणि त्याच्यामागून दुसरा कण निघाला, त्याहून मोठा. पेटीला कुलूप होतं. टोपणाचा पट्टा मखमलीकडे होता, वरून दिसतच नव्हता. आणि पेन हातातही न घेता डॉक्टर म्हणाले होते, तिन्ही तोंडांना लावून बघा.

तिन्ही तोंडांना लावून बघितल्याशिवाय ते कुणालाच सांगता येत नाही. डॉक्टरांनी लावून बघितलं होतं. घरी, स्वतःच्या पेनाला.

"पण हे सांगायचं म्हणजे तुमची चूक आधी सांगावी लागेल," बायको म्हणाली.

"हो."

"सगळ्यांसमोर."

"हो."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर झाकली मूठ. डॉक्टर म्हणालेच." काकांनी वही मिटली. "माझी मूठ झाकलेली आणि तारमास्तरांची लेक लबाड."

सहा

शनिवारी साडेदहाला हॉलमध्ये वीस-पंचवीस माणसं होती. एवढ्या माणसांपुढे निबकाका यापूर्वी एकदाच उभे राहिले होते, स्वतःच्या लग्नात, आणि तेव्हाही बोलावं लागलं नव्हतं.

डॉक्टर पुढच्या रांगेत होते. मांडीवर चामडी बॅग. पाहणीची वही दाराशी उघडी होती. काकांनी आत येताना बुधवारचं पान बघितलं. डॉक्टरांची सही निळ्या बॉलपेनची.

"बाई, दोन मिनिटं," काका म्हणाले. कुणी वळून बघितलं नाही, म्हणून पुन्हा म्हणाले. मग छातीशी वही धरून, कुणाकडेही न बघता, त्यांनी सांगून टाकलं. दोन पेनं, दोन वाट्या, डोळा. "टोपण या ताईंनी बदललं नाही, बाईंनी नाही. चूक माझी आहे. एवढ्या वर्षांत पहिली का, ते मला सांगता येणार नाही. कळलेली पहिली."

तारमास्तरांची लेक मागे भिंतीशी उभी होती. तिने पदराने कपाळ पुसलं.

"मोठं मन आहे तुमचं, काका," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे पेन जमवलेलं आहे, हे माझं म्हणणं खरंच ठरलं."

"ठरलं. पण तुम्हाला कळलं कसं?"

"डोळे आहेत."

"पट्टा खाली होता, डॉक्टरसाहेब. आणि पेटीला कुलूप. तिन्ही तोंडांना जुळत नाही हे तुम्ही कुठल्या पेनावर बघितलंत?"

डॉक्टरांनी बॅगेचा बंद नीट केला. तो आधीच नीट होता.

"समजा, माझ्याकडे चुकीचं टोपण आलं," ते सावकाश म्हणाले. "तुम्हीच दिलंत ना? यात माझा काय गुन्हा?"

"काही नाही. चूक माझीच. गप्प बसणं तेवढं तुमचं. आज हे चौथाईला घेतलं असतंत, घरी जाऊन टोपणं अदलाबदल केली असतीत, की दोन्ही पेनं पुरी. आणि मला थेंब लिहून दिलेत."

"पेन घरी आहे माझं," डॉक्टर म्हणाले.

काकांनी आयुष्यात कुणाला खोटं पाडलं नव्हतं. ते बॅगेकडे बघत राहिले. त्यांना पेनं जमवणारी माणसं ठाऊक होती. तीन आठवडे वाट बघितलेला माणूस टोपण घरी ठेवून येत नाही. त्याला गाडीत बसल्या बसल्या लावून बघायचं असतं.

"घरी असेल तर राहिलं," ते म्हणाले. "नसेल तर एकदा लावून बघू. माझ्यासाठी नको. तुम्हालाही बघायचं असेलच."

मग डॉक्टरांनीच बॅग उघडली. चेहरा पडला होता, पण बोटं मात्र अधीर झाली होती.

काकांनी बॅगेतून निघालेल्या पेनाचं टोपण काढलं आणि ते तारमास्तरांच्या पेनासकट त्यांच्या लेकीकडे दिलं. "तुम्ही लावा, ताई. माझ्या डोळ्यावर आता कुणी विश्वास ठेवू नये."

तिने पहिल्या तोंडाला लावलं. नाही. दुसऱ्या. नाही. तिने टोपण काढलं, पुन्हा टेकवलं, फिरवलं, आणि खिडकीकडे धरलं.

टोपणापासून टोकापर्यंत तीस वर्षांचं ऊन एका रेघेत उतरलं होतं.

सात

लिलावाआधी नवा दाखला लिहायचा होता. बाई खांद्यावरून वाचत होत्या. "एवढं ओळ-ओळ कशाला, काका? 'सर्व मूळचे' एवढं बास आहे. मधली भानगड लिहिलीत तर बोली खाली येईल."

"येईल कदाचित," काका म्हणाले. त्यांनी तारमास्तरांच्या लेकीकडे बघितलं. नुकसान झालं तर तिचं होणार होतं.

"लिहा," ती म्हणाली. "बाबा तारेत एक शब्द गाळायचे नाहीत."

त्यांनी लिहिलं : 'टोपण व नळी मूळची. मधल्या तीन आठवड्यांत सही करणाऱ्याच्या हातून टोपण दुसऱ्या पेनाला गेले होते. आज सर्वांसमोर परत बसवले.' खाली सही केली. पहिल्यांदाच सही करताना त्यांना काही वाटलं नाही.

बोली खाली आली, पण फार नाही. मागच्या रांगेतल्या एका बाईने पेन घेतलं आणि दाखल्याला वेगळी चौकट करणार असं सांगितलं. डॉक्टर शेवटपर्यंत बसून होते. एकदाही हात वर केला नाही.

सोमवारी हॉलमधून नवी डबी आली, पारखायला. वर बाईंची चिठ्ठी : 'सावकाश बघा.' काकांनी डबी टेबलाच्या मधोमध ठेवली आणि बराच वेळ उघडली नाही. मग दोन वाट्यांपैकी एक उचलून स्वयंपाकघरात नेली.

"ही तुझ्याकडे ठेव."

"शाईचा डाग आहे तिला. काय ठेवू मी तिच्यात?"

"काहीही ठेव," निबकाका म्हणाले. "फक्त मी मागितली तरी मला देऊ नकोस."